डावीकडचा हात

संगप्पाची जीप आली की देगलूर-नांदेड रस्त्यावरची माणसं हातातलं काम टाकून बघायची. आता बघणारच की! बॉनेटवर हातभर उंचीचा बैल, सारखी मान हलवतोय. टपावर पैलवान, मुदगल फिरवतोय. मागच्या फळीवर ताक घुसळणारी बाई, तिच्या शेजारी सायकलच्या तारांचा पिसारा उघडणारा मोर, आणि अगदी शेवटी एक हवालदार, मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीला सलाम ठोकतोय. खरे हवालदारसुद्धा त्याला बघून हसायचे आणि गाडी अडवायचं विसरून जायचे.

हे सगळं चालायचं वायपरच्या मोटरींवर. भंगारातून आणलेल्या अकरा मोटरी, अकरा बटणं, आणि बटणांच्या मागं भगवा फेटा, काळा चष्मा लावून बसलेला संगप्पा. आडदांड मिशा. तोंडातून शब्द म्हणाल तर काढायचा नाही. बैलाची मान जरा अडखळली तर कान टवकारायचा, पण शेजारी माणूस बोलत असला तर त्याला ऐकू जायचं नाही.

संगप्पा मूळचा हलत्या देखाव्यांचा कारागीर. एक काळ असा होता की आषाढ लागला रे लागला, नांदेडची, उदगीरची, पार औशाची गणेश मंडळं त्याच्या दारात. दळण दळणारी बाई, पाणी शेंदणारी बाई, मुलाला झोका देणारी बाई, सगळ्या हलत्या. आणि गंमत म्हणजे या सगळ्या बायकांचे हात एकाच बाईचे. मल्लम्माचे. संगप्पाला साच्यासाठी हात लागायचा, आणि फुकट, न कुरकुरता, तासभर प्लास्टरमध्ये हात घालून बसणारी बाई बायकोशिवाय दुसरी कोण मिळणार? ती आपली बसायची. बसल्या बसल्या दाराशी आलेल्या चार जणींशी बोलायची.

मग मोठाले पडदे आले, त्यावर वाटेल ते हलायला लागलं. एका मंडळाच्या पोरांनी सरळ तोंडावर सांगितलं, "मिस्त्री, आता तुमच्या बाहुल्या कोण बघतंय?" देखावे घरी परत आले. मल्लम्मा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "घरात माणसं दोन आन् बाहुल्या चाळीस. निम्म्या तरी त्या जीपवर बसवा." ती चेष्टेनं बोलली होती. या बाबानं खरंच बसवल्या.

पुढं संगप्पा मिक्सरची, पंख्याची वाइंडिंग करू लागला. तार, बेअरिंग, कार्बन आणायला दर मंगळवारी आणि शुक्रवारी नांदेड. मल्लम्मा डावीकडच्या सीटवर. तिला घरी थांब म्हणायची सोय नव्हती. जीपचा डावीकडचा इंडिकेटर लागायचा नाही, म्हणून डावीकडं वळायचं असलं की मल्लम्मा हात बाहेर काढायची. ज्यानं तारांचा मोर नाचवला त्याला एवढा इंडिकेटर दुरुस्त करता येत नव्हता? येत होता हो! मल्लम्माच म्हणाली होती, "राहू द्या. गाडीत मला तेवढंच एक काम हाय." हात बाहेर आला की तो नुसता वळण दाखवून आत जायचा नाही. फाट्यावर कुणी दिसलं की हलायचा. प्रत्येक फाट्यावर ती उतरायची, चहा घ्यायची, कुणाची सून कितव्या महिन्यात आहे ते विचारायची आणि एक कप संगप्पाला खिडकीतून आणून द्यायची. संगप्पा खाली उतरायचा नाही. त्याला कुठलातरी स्क्रू आवळायचा असायचा.

मल्लम्मा गेली ती कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत. ताप आला, आठव्या दिवशी संपलं. मातीला चार माणसं, तीही तोंड बांधलेली आणि लांब उभी. मुलगी मंजुश्री लातूरला दिलेली. ती पास काढून पोचली तोवर तिसरा दिवस उजाडला होता. ती दारातच बसून रडली. संगप्पा आत मिक्सर उघडून बसला होता.

रस्ते मोकळे झाल्यावर संगप्पा पहिल्यांदा एकटा नांदेडला निघाला आणि पहिल्याच डाव्या वळणावर मागच्या ट्रकवाल्यानं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बरोबरच होतं त्याचं. डावीकडून हात आला नव्हता. संगप्पा तसाच घरी परतला. माळ्यावर मल्लम्माच्या हाताचा साचा होता. त्यातून एक हात काढला, तिच्या मोरपंखी ब्लाऊजची बाही त्याला चढवली, तिच्याच हिरव्या बांगड्या घातल्या आणि बारावी मोटर लावली. आत यंत्र दिसू नये म्हणून डाव्या बाजूला रेग्झिनचा पडदा सोडला. बटण दाबलं की हात बाहेर, दुसरं दाबलं की हात वरखाली. सुरेख जमला होता. इतका सुरेख की संगप्पा पहिल्या दिवशी बटण दाबून दाबून बघत बसला आणि संध्याकाळचं जेवायचं विसरला.

तेव्हापासून चार वर्षं तो फाट्याफाट्यावर बटण दाबायचा आणि समोरून हात वर व्हायचे. बायका हात करायच्या, हॉटेलवाले करायचे, पंक्चरवाला तर उठून उभा राहायचा. संगप्पा मोजायचा. कधी साठ, कधी सत्तर. घरी कुलूप उघडून आत गेला की भाकरी थापताना तेच आठवायचा. आज अडुसष्ट. बोलायला कुणी नव्हतं, पण अडुसष्ट लोकांनी हात केला म्हणजे दिवस अगदीच वाया गेला असं म्हणता येत नाही, नाही का?

मंजुश्री दर रविवारी फोन करायची. "अप्पा, इथं तुमची खोली रिकामी हाय. ह्यांनी कॉट पण आणून ठेवली. तिथं तुमचं कोण हाय?"

"अख्खा रस्ता माझा हाय," संगप्पा म्हणायचा. "देगलूरपासून नांदेडपर्यंत मला न ओळखणारा माणूस दाखव."

आईचा तो हात मंजुश्रीनं एकदाच पाहिला होता. त्यानंतर ती त्या जीपमध्ये कधी बसली नाही.

आणि यंदा जीपला पंधरा वर्षं झाली. पासिंग आलं. मंजुश्रीनं बरोबर धरलं, "गाडी पास न्हाई झाली तर लातूरला यायचं. शब्द द्या." संगप्पा म्हणाला, "दिला. आन् पास झाली तर पुन्हा हा विषय काढायचा न्हाई. तू पण शब्द दे." तिनंही दिला. देताना तिचा आवाज बारीक झाला होता, पण संगप्पाला तेवढं कुठलं कळतंय! त्याच्या डोक्यात ब्रेक आणि लाइटी.

पासिंगचं काम बघणारा नरसिंग एजंट जीप बघून कपाळाला हात लावूनच बसला. "मामा, मिरवणुकीला चाललात का आरटीओला? एक बी वस्तू बाहेर आलेली चालत न्हाई. समदं काढा. तो फेटा पण घरी ठेवा, साहेब हसत बसतील आन् काम राहून जाईल."

संगप्पानं दोन दिवस खपून सगळं उतरवलं. बैल उतरला, पैलवान उतरला, मोर, हवालदार. सगळ्यांत शेवटी हात. तो त्यानं जुन्या लुगड्यात गुंडाळून खाटेवर ठेवला. डावीकडचा पडदा काढला. इंडिकेटर दहा मिनिटांत लागला. मग दाढी केली, मिशा कापून बारीक केल्या, इस्त्रीचा पांढरा सदरा घातला. आरशात कुणीतरी निवृत्त मास्तर उभा होता.

पहाटे अंधारातच, फाट्यांवर चिटपाखरू नसताना निघाला. नांदेडला गाडी पास झाली. साहेबांनी दोन मिनिटांत बघितली आणि म्हणाले, "चांगली ठेवलीय." संगप्पाला एवढा आनंद झाला की बाहेर आल्यावर त्यानं स्वतःला एक पेढा खाऊ घातला. झालं! आता रस्ता सुटत नाही. लातूरची कॉट लातूरला.

परतीला निघाला. पहिला फाटा आला. टपरीवर सात-आठ जण बसलेले. संगप्पानं हात वर केला. कुणी बघितलं नाही. त्याला वाटलं, गप्पांत असतील. दुसरा फाटा. पंक्चरवाला टायर ठोकत होता, त्यानं मान वर करून जीपकडं पाहिलं आणि पुन्हा टायर ठोकायला लागला. संगप्पानं हॉर्न दिला. पंक्चरवाल्यानं हातानंच खूण केली, जा की बाबा पुढं, रस्ता मोकळा हाय. तिसऱ्या फाट्यावर भाजी निवडत बसलेल्या बायकांसमोर त्यानं गाडी अगदी बैलगाडीच्या वेगानं नेली. त्यातल्या एकीनं पदर सारखा केला आणि दुसरीला म्हणाली, "कोण गं मेला, असा बघून राहिला?"

संगप्पाचे कान तापले. चौथ्या फाट्यावर त्यानं गाडी बाजूला घेतली आणि आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. खाली उतरला आणि हॉटेलातल्या बाकावर जाऊन बसला.

हॉटेल म्हणजे चार पत्रे आणि एक भट्टी. मालक साठीचा, गळ्यात तुळशीची माळ. संगप्पानं त्याला बारा वर्षं पाहिलं होतं. नाव ठाऊक नव्हतं.

"कुठले पाव्हणं?" मालकानं चहा पुढं ठेवत विचारलं.

"देगलूर." संगप्पानं एक घोट घेतला. राहवेना. "ती बाहुल्यांची जीप जाते बघा इथून. देगलूरचीच हाय. ओळखता का त्याला?"

"बैलवाली? हाव, ओळखतो की! अख्खा फाटा ओळखतो."

संगप्पाच्या जिवात जीव आला. "माणूस कसा हाय?"

"माणूस?" मालकानं चिमट्यानं भट्टीतले कोळसे हलवले. विचार करून म्हणाला, "ते काय सांगता यायचं न्हाई बघा. फेटा हाय, चष्मा हाय. कवा उतरला न्हाई, कवा बोलला न्हाई. आमची मालकीण तर म्हणते, तो बी बाहुलीच हाय." आणि स्वतःच खो खो हसला.

संगप्पा हसला नाही. "मग हात कुणाला करता तुम्ही?"

"मल्लम्माक्काला! कुणाला म्हणजे? त्याची बायको. डावीकडं बसती. लई मायाळू बाई. माझ्या लेकीच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू घेऊन आली होती, सख्खी बहीण करणार न्हाई इतकं केलं. आता चार वर्सं झाली, उतरत न्हाई. पडद्याआड बसून असती. पाय दुखत असंल, न्हाई तर आमचंच काही चुकलं असंल. पण हात करायचं चुकत न्हाई बघा. गाडीवरच्या बाकी समद्या बाहुल्या, तेवढा हात काय तो खरा."

संगप्पाच्या हातात कप होता, तो त्यानं दोन्ही हातांनी धरला. अडुसष्ट, सत्तर, बाहत्तर. एकही त्याचा नव्हता.

मालकानं आत हाक मारली, "गुणा, अगं हे पाव्हणं देगलूरचे हायत, मल्लम्माक्काच्या गावचे."

"खरंच काय?" आतून गुणाबाई हात पुसत आली. "थांबा, जाऊ नका हं." परत आत गेली आणि एक पिशवी घेऊन आली. बाकावर एकेक वस्तू मांडली. स्टीलची वाटी. चहाची गाळणी. कुंकवाचा करंडा. एक छोटा आरसा. "दर संक्रांतीचं वाण काढून ठेवलंय तिचं. चार झाली. दर वर्षी म्हणते, यंदा उतरंल, यंदा उतरंल. तेवढं द्या तिला. म्हणावं, गुणानं दिलंय. उतरू नको बाई, पण राग सोड."

घ्यायचं आणि निघायचं. एवढं सोपं होतं. कुणाला कळणार होतं? परवा बैल पुन्हा बॉनेटवर, हात पुन्हा डावीकडं, समोरून पुन्हा सत्तर हात. संगप्पानं पिशवीकडं हात नेलासुद्धा. पण मेलेल्या बाईचं सवाष्णीचं वाण कसं घ्यायचं? आणि ते मनाला पटवलं तरी पुढच्या संक्रांतीला ही बाई पाचवं काढून ठेवणार. त्याचा हात तसाच थांबला.

"ती न्हाई," तो म्हणाला.

"घरी न्हाई? कुठं गेली?"

"ती वारली. चार वर्सं झाली. कोरोनात." आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. हे वाक्य त्यानं आजपर्यंत कुणाला म्हटलंच नव्हतं. "मी मल्लम्माचा मालक."

बाहेर जीप उभी होती, उघडीबोडकी. श्रीमंतनं, म्हणजे त्या हॉटेलवाल्यानं, नाव नंतर कळलं, जीपकडं पाहिलं, मग संगप्पाच्या तोंडाकडं. "मग तो हात?"

"मोटर हाय," संगप्पा म्हणाला. "वायपरची."

गुणाबाईनं आधी मांडलेलं वाण पदराखाली ओढून घेतलं. मग कडाडली, "लाज न्हाई वाटली? मेलेल्या बाईचा हात हलवीत हिंडलात? आम्ही येडे म्हणून हात करीत बसलो! मातीला येऊ दिलं नसतं, कबूल, तेव्हा दिवसच तसले होते. नंतर तरी सांगायचं! एक दिस गाडी थांबवून सांगायचं!" आणि बोलता बोलताच ती खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. सख्ख्या माणसासाठी रडावं तशी.

आवाज ऐकून शेजारच्या दोघी-तिघी आल्या. काय झालं, कोण गेलं? मल्लम्मा गेली म्हटल्यावर त्याही टेकल्या. कुणी विचारलं, ताप किती दिवस होता? कुणी विचारलं, शेवटी पाणी कुणी पाजलं? संगप्पा सांगत गेला. मीच पाजलं. चमच्यानं. दोन चमचे गेले, तिसरा गेला न्हाई. असं कुणी विचारलंच नव्हतं त्याला. किंवा विचारलं असेल, तो मिक्सर उघडून बसला असेल.

एक म्हातारी म्हणाली, "तुमचं लई कौतुक करायची बघा. आमचे मालक तोंडानं बोलत न्हाईत, हातानं बोलतेत, म्हणायची." तेव्हा मात्र संगप्पाला आवरेना. सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसत तो बसला. श्रीमंतनं त्याचा गार झालेला चहा ओतून दिला आणि दुसरा आणला.

उठायच्या वेळी गुणाबाईनं विचारलं, "बाकीच्या फाट्यांवर सांगितलं का?"

"न्हाई."

"मग सांगा. गाडीत बसून न्हाई, खाली उतरून. आणखी कितीजणी वाण काढून ठेवीत असतील कोण जाणे."

तिथून देगलूरपर्यंत पाच फाटे होते. मागं टाकलेले तीन वेगळेच. दिवस मावळेपर्यंत संगप्पा पाचही ठिकाणी उतरला. दर ठिकाणी आधी लोकांनी विचारलं, कुठले पाव्हणं, आणि दर ठिकाणी त्यानं सांगितलं, मी मल्लम्माचा मालक. एका ठिकाणी शिव्या बसल्या. एका ठिकाणी एका बाईनं काही न बोलता त्याच्या पाठीवर हात ठेवला. शेवटच्या ठिकाणी तिला ओळखणारी बाई स्वतःच गेल्या वर्षी वारली होती, तर तिच्या सुनेला सांगून आला.

घरी आला, दिवा लावला. खाटेवर लुगड्यात गुंडाळलेला हात होता, त्याच्या शेजारी बसला. तेवढ्यात मंजुश्रीचा फोन आला.

"अप्पा, पास झाली का गाडी?"

"झाली."

"बरं." तिनं एक श्वास सोडला. "बरं झालं. शब्द दिलाय, आता पुन्हा न्हाई म्हणत या म्हणून."

"मंजे, येतो मी लातूरला."

"खरंच अप्पा?"

"पण लगेच न्हाई. अजून तीन फाटे राहिलेत. त्यांना सांगायचं हाय."

"काय सांगायचं हाय?"

"तुझी अव्वा गेली म्हणून."

मंजुश्री म्हणाली, "मला तरी कुठं सांगितलंत अप्पा? शेजारच्यांनी फोन केला होता मला. तुमच्या तोंडून मी अजून ऐकलं न्हाई."

संगप्पानं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग ताप कुठल्या वारी आला तिथपासून सांगायला सुरुवात केली.